आठ वर्षांच्या नोकरीनंतर एमबीए: कुठल्या कामासाठी, कुठल्या प्रकारचे, आणि केव्हा नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१, सॉफ्टवेअरमध्ये ८ वर्षे, सध्या टीम लीड. वरची जागा रिकामी होण्याची चिन्हे नाहीत. मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये (कंपन्यांना व्यवसायाबद्दल सल्ला देणे) किंवा प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये (उत्पादनात काय, केव्हा आणि का बनवायचे ते ठरवणे) जायचे मनात आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ एमबीए करावे, की नोकरी सांभाळून पार्ट-टाइम किंवा ऑनलाइन? आणि या वयात उशीर तर झाला नाही ना?

उशीर झालेला नाही, पण पर्याय थोडे आखडले आहेत. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ वर्गात सरासरी अनुभव साधारण ५ वर्षांचा असतो. ८ वर्षांचा उमेदवार तिथे चालतो, फक्त ‘आत्ताच का, तीन वर्षांपूर्वी का नाही’ याचे पटेल असे उत्तर त्याच्याकडे लागते. युरोपातल्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमांत, उदाहरणार्थ स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आयएमडी या बिझनेस स्कूलमध्ये, ८ वर्षे कोणाला जास्त वाटत नाहीत.

आता मूळ मुद्दा. बहुतेक जण ‘कोणते कॉलेज’ इथून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. आधी हे पाहायचे की जे काम हवे आहे त्या कामावर कंपन्या एमबीएच्या वर्गातून माणसे उचलतात का. अकाउंटिंग, फायनान्स, मार्केटिंग, संख्याशास्त्र हे विषय पदवीशिवायही शिकता येतात. पदवीमुळे जे मिळते आणि एरवी मिळत नाही, ते म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या पदासाठी कॅम्पसवर येणारी कंपनी. मोठ्या कन्सल्टिंग कंपन्यांपैकी मॅकिन्झी एमबीए झालेल्यांना ‘असोसिएट’ म्हणून घेते, बीसीजी आणि बेन ‘कन्सल्टंट’ म्हणून. इन्व्हेस्टमेंट बँकांतली असोसिएटची पायरीही तशीच, एमबीएवाल्यांना समोर ठेवून आखलेली. मोठ्या उत्पादन, औषध आणि ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्यांत दोन-तीन वर्षांचे, विभाग बदलत काम शिकवणारे रोटेशनल लीडरशिप प्रोग्राम असतात, त्यांचेही तसेच. या जागांना एमबीए हा सरळ आणि ओळखीचा रस्ता आहे, बाकीचे रस्ते अरुंद आहेत.

प्रॉडक्ट मॅनेजमेंटचे तसे नाही. अॅमेझॉनसारखी कंपनी कॅम्पसवरून प्रॉडक्ट मॅनेजर घेते हे खरे, पण या क्षेत्रात येणारे पुष्कळ लोक त्याच कंपनीतल्या इंजिनिअरिंग, अॅनालिटिक्स किंवा कस्टमर सपोर्टमधून सरकलेले असतात. शिवाय मंदी आली की टेक कंपन्या कॅम्पसवरची भरती सगळ्यात आधी कापतात. प्रायव्हेट इक्विटीत (कंपन्या विकत घेऊन, सुधारून विकणाऱ्या गुंतवणूक संस्थांत) एमबीएनंतर जाणारे बहुतेक जण एमबीएआधी बँकिंगमध्ये किंवा प्रायव्हेट इक्विटीतच असतात. नव्या स्टार्टअपमध्ये पैसे गुंतवणाऱ्या व्हेंचर कॅपिटलमध्ये (व्हीसी) तर जागाच मूठभर. ‘एमबीए करून व्हीसीमध्ये जाईन’ असे ठरवून कर्ज काढू नये.

हे तपासायला दोन संध्याकाळी पुरतात. हवे असलेले पद नेमके लिहून काढा, पदाचे नाव आणि कंपन्यांसकट. लिंक्डइनवर त्या पदावर गेल्या दोन-तीन वर्षांत रुजू झालेली २०–२५ माणसे शोधा आणि प्रत्येकाची त्याआधीची पायरी नोंदवा. निम्म्याहून जास्त जण थेट एमबीएच्या वर्गातून आलेले दिसले, तर पदवीचा उपयोग आहे. पाचांत एखादाच दिसला, तर उरलेले चौघे ज्या वाटेने आले ती वाट आधी पाहा, ती बहुधा स्वस्त असते. नोकरीच्या जाहिरातीतल्या ‘एमबीए असल्यास प्राधान्य’ या ओळीवर फार विसंबू नका, ती पुष्कळदा जुन्या मसुद्यातून तशीच उतरलेली असते.

हीच चाचणी तुमच्या दोन इच्छांना लावली तर उत्तर दोन तुकड्यांत येते. कन्सल्टिंग नक्की असेल तर पूर्णवेळ एमबीएचा विचार जरूर करा. प्रॉडक्ट मॅनेजमेंट असेल तर आधी ६ ते ९ महिने आहे त्या कंपनीतच प्रयत्न करा. एखाद्या छोट्या फीचरची आवश्यकता-टिपणी स्वतः लिहायला मागा, ग्राहकांच्या कॉलवर बसा, फीचर बाहेर पडल्यावर किती जण वापरतात त्याचा पाठपुरावा करा आणि मग अंतर्गत बदलीचा अर्ज टाका. बदली झाली तर दोन वर्षे आणि मोठे कर्ज वाचते. नाही झाली तरी हेच काम पुढे एमबीएच्या अर्जात सगळ्यात वजनदार ठरते.

‘बढती मिळत नाही म्हणून एमबीए’ हे कारण मात्र तपासून घ्या. तुमच्या कंपनीत तुमच्यापेक्षा दोन पायऱ्या वर असलेल्या १० जणांकडे पाहा. त्यांतल्या किती जणांकडे ही पदवी आहे? दोघा-तिघांकडेच असेल तर अडचण पदवीची नाही. जागा नसणे, वरिष्ठांना तुमचे काम न दिसणे किंवा पैशाचा हिशेब असलेली जबाबदारी कधी हाती न येणे ही खरी कारणे असू शकतात, आणि ती नोकरी बदलून लवकर सुटतात. विषयाचेच ज्ञान कमी पडत असेल तर तेवढेच भरून काढा: गुंतवणूक-विश्लेषणासाठी तीन पातळ्यांची सीएफए परीक्षा, प्रकल्प-व्यवस्थापनासाठी पीएमपी प्रमाणपत्र, डेटासाठी त्या विषयातली मास्टर्स.

आता उडी किती मोठी मारायची ते. करिअर बदलताना तीन गोष्टी बदलू शकतात: काम, उद्योगक्षेत्र आणि देश. एक बदलणे एमबीएशिवायही जमते. दोन बदलायला एमबीए उपयोगी पडते. तिन्ही एकदम बदलू पाहणारे सगळ्यात जास्त अडकतात, कारण भरती करणाऱ्याला तुमच्या आधीच्या आठ वर्षांतले काहीच ओळखीचे दिसत नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअरने परदेशात जाऊन औषध कंपनीत ब्रँड मॅनेजर होणे अशक्य नाही, पण त्या रांगेत त्याच्यापुढे औषध विकलेले, त्या देशात राहिलेले आणि तिथली भाषा बोलणारे उभे असतात. त्यापेक्षा टेक कंपन्यांना सल्ला देणाऱ्या कन्सल्टिंग विभागात शिरून दोन-तीन वर्षांनी क्षेत्र बदलणे सोपे. दोन टप्प्यांत उडी मारायची असेल तर पहिल्या टप्प्यासाठी अर्ज करा. दुसरा टप्पा अर्जासोबतच्या निबंधात ‘दीर्घकालीन ध्येय’ म्हणून येऊ द्या.

प्रकार निवडताना लोक फी आणि कालावधी पाहतात. मी म्हणेन, आधी समर इंटर्नशिप आहे की नाही ते पाहा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधल्या उन्हाळ्यात १० ते १२ आठवड्यांची इंटर्नशिप असते, आणि काम बदलणाऱ्याला खरी संधी तीच असते: कंपनी तुम्हाला पारखून घेते आणि शेवटी कायमची ऑफर देते. इन्व्हेस्टमेंट बँकांचे तर जवळजवळ सगळे गणित याच इंटर्नशिपवर चालते. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात ती सहसा नसते. म्हणून आहे त्याच क्षेत्रात वर सरकणाऱ्याला, किंवा कन्सल्टिंगसारख्या इंटर्नशिपशिवायही भरती करणाऱ्या क्षेत्रात जाणाऱ्याला एक वर्ष पुरते. बँकिंगमध्ये नव्याने शिरणाऱ्याला ते अपुरे पडते. इन्सिआद या युरोपीय बिझनेस स्कूलचा अभ्यासक्रम १० महिन्यांचा आहे, पण जानेवारीत सुरू होणाऱ्या तुकडीला मध्ये उन्हाळ्याची सुटी मिळते आणि तिच्यात इंटर्नशिप करता येते. दुसऱ्या तुकडीला ही सोय नाही. म्हणून अर्ज करताना तुकडी निवडणे हा विचारपूर्वक घ्यायचा निर्णय आहे, सोयीची तारीख पाहून टिक करण्याचा नव्हे. लंडन बिझनेस स्कूलमध्ये १५, १८ किंवा २१ महिन्यांनी बाहेर पडता येते. काम बदलणाऱ्यांनी तिथे लांबचा पर्याय मोकळा ठेवावा.

पार्ट-टाइम एमबीए दोन ते तीन वर्षे चालते. नोकरी आणि पगार चालू राहतो, म्हणून पैशाची जोखीम सगळ्यात कमी. आहे त्याच कंपनीत किंवा क्षेत्रात वर जायचे असेल तर हा चांगला मार्ग. क्षेत्र बदलायचे असेल तर एक प्रश्न प्रवेश कार्यालयाला ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या: पार्ट-टाइम विद्यार्थ्यांना पूर्णवेळवाल्यांबरोबर कॅम्पस मुलाखतींना बसू देतात का, आणि कोणत्या अटींवर? काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी करिअर सल्लागाराची भेट आणि जुन्या विद्यार्थ्यांची यादी एवढ्यावर भागवतात. ऑनलाइन एमबीएलाही हाच प्रश्न विचारावा, आणि तिथे उत्तर बहुधा निराश करणारे येते.

एक्झिक्युटिव्ह एमबीएची सुरुवात शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये केली. तो वर्ग साधारण १० ते १५ वर्षे अनुभवाच्या आणि आधीच विभाग सांभाळणाऱ्या लोकांचा असतो. ८ वर्षांवर तो घाईचा आहे. कंपनी फी भरत असेल तर करारातला परतफेडीचा भाग नीट वाचा: पदवीनंतर किती काळ थांबायचे, आधी सोडल्यास पूर्ण रक्कम द्यायची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, आणि कंपनीनेच कामावरून काढले तर काय. हा शेवटचा मुद्दा करारात नसतोच बहुधा. सहीआधी घालून घ्या.

मान्यतेबद्दल थोडक्यात. बिझनेस स्कूलांच्या तीन प्रमुख आंतरराष्ट्रीय मान्यतांपैकी एएसीएसबी आणि इक्विस संपूर्ण संस्थेला मिळतात, अॅम्बा विशिष्ट अभ्यासक्रमाला. तिन्ही असलेल्या शाळा मोजक्या आहेत. हार्वर्डसारख्या शाळेकडे तिन्हींपैकी एकच आहे आणि तिचे काही अडत नाही. अनोळखी किंवा ऑनलाइन संस्थेची निवड करताना मात्र किमान एक तरी मान्यता असावी. रँकिंगचे आकडेही असेच जपून वापरावेत. फायनान्शियल टाइम्सच्या यादीत पदवीनंतर तीन वर्षांनी मिळणाऱ्या पगाराला मोठे वजन आहे आणि तो पगार क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या देशातल्या स्वस्ताई-महागाईनुसार, बदलून घेतलेला असतो. म्हणजे तिथे छापलेली रक्कम प्रत्यक्ष कोणाच्या बँकेत जमा झालेली नसते.

रँकिंगपेक्षा शाळेचा एम्प्लॉयमेंट रिपोर्ट, म्हणजे पदवीनंतर किती जणांना कुठे नोकरी लागली याचा अहवाल, तासभर वाचा. तो कसा वाचायचा हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. वर्गात २०० जण. त्यांतल्या २० जणांना त्यांच्या कंपन्यांनी पाठवलेले, ते परत तिथेच जाणार. १४ जण स्वतःचा धंदा काढणार, १० जण घरच्या व्यवसायात जाणार किंवा नोकरी शोधतच नाहीत, ६ जणांची माहितीच नाही. उरले १५०, हे ‘नोकरी शोधणारे’. पदवीनंतर तीन महिन्यांत त्यांतल्या १२६ जणांना ऑफर मिळाली. अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ८४ टक्के येईल. १२६ ला १५० ने भागले की तेवढेच येते, त्यामुळे खोटे काहीच नाही. पण पूर्ण वर्गाच्या हिशेबाने ते ६३ टक्के आहेत. पगाराचा मध्यांक (निम्म्यांचे पगार ज्याच्या वर आणि निम्म्यांचे खाली असतात तो आकडा) याहून लहान गटाचा असतो: १२६ पैकी समजा १०५ जणांनीच आकडा कळवला. न कळवणाऱ्यांचे पगार फार चांगले असतील असे धरून चालू नका.

मग क्षेत्रवार तक्ता. ‘कन्सल्टिंग: ४० जण’ असे दिसले तरी हुरळून जाऊ नका. त्यांतले कितीजण एमबीएआधीही कन्सल्टिंगमध्ये होते? हे अहवालात सहसा नसते, पण लिंक्डइनवर त्या वर्षाचा वर्ग शोधला तर मोजता येते. चाळिसांत बाहेरून आलेले १५ निघाले, तर तुमच्यासाठी खरा आकडा १५. त्यातही ज्यांची आधीची पार्श्वभूमी तुमच्यासारखी आहे, म्हणजे इंजिनिअर, परदेशी नागरिक आणि ७–८ वर्षांचा अनुभव, असे चार-पाच जण सापडले पाहिजेत. एकही सापडला नाही तर त्या शाळेतला तुमचा रस्ता तुम्हालाच पाडावा लागेल. सापडलेल्यांना लिहा, २० मिनिटे मागा, आणि ‘शाळा कशी आहे’ असले ढोबळ काही विचारू नका. किती कंपन्यांना अर्ज केले, किती मुलाखती झाल्या, व्हिसाचा मुद्दा कोणत्या टप्प्यावर आला, वर्गातल्या ज्यांना ऑफर मिळाली नाही त्यांचे काय चुकले, हे विचारा. याच्या उत्तरांतून जे कळते ते कोणत्याही माहितीपत्रकात नसते.

पैशाचा हिशेब करताना दोन चुका ठरलेल्या. बुडालेला पगार न धरणे ही एक. दुसरी उलटी: बुडालेला पूर्ण पगारही धरायचा आणि राहण्या-जेवण्याचा पूर्ण खर्चही धरायचा. घरी बसून नोकरी केली असती तरी जेवणाचा खर्च झालाच असता, म्हणून फक्त वाढीव राहणीखर्च धरावा. चलन कुठलेही असो, हिशेब असा मांडा. आजचा वार्षिक पगार १०० माना, कर जाऊन हातात ७५. दोन वर्षांची फी १६०, वाढीव राहणीखर्च २०, परीक्षा, अर्ज, प्रवास आणि व्हिसा मिळून ५. बुडालेला पगार पहिल्या वर्षी ७५, दुसऱ्या वर्षी वाढ धरून ८०. एकूण ३४०. यातून इंटर्नशिपचे १५ आणि स्कॉलरशिपचे २५ वजा केले की उरतात ३००.

आता दुसरी बाजू. एमबीएनंतर हातात १३० येतील असे धरा. एमबीए न करताही तिसऱ्या वर्षी ८५ आलेच असते. म्हणून फायदा १३० चा नाही, वर्षाला ४५ चा. ३०० ला ४५ ने भागले की साडेसहा वर्षांहून थोडे जास्त. कर्जाचे व्याज धरले की हा काळ लांबतो, पगारातला फरक पुढे वाढत गेला की आखडतो. आता यात दोन धक्के घालून पाहा. नोकरी सहा महिने उशिरा लागली तर आणखी ६५ बुडतात आणि काळ ८ वर्षांवर जातो. हाती १३० ऐवजी १०५ च पडले तर वार्षिक फायदा २० वर येतो आणि परतफेडीला १५ वर्षे लागतात. हा तिसरा आकडा सहन होत नसेल तर जास्त स्कॉलरशिप देणारी खालच्या क्रमांकाची शाळा किंवा एका वर्षाचा अभ्यासक्रम पाहावा. कर्जाबद्दल साधे माप ठेवावे: पदवीच्या दिवशी व्याजासकट जे एकूण देणे असेल ते पहिल्या वर्षाच्या अपेक्षित पगारापेक्षा जास्त नसावे. आणि अपेक्षित पगार म्हणजे मध्यांकाच्या खालचा चतुर्थक (ज्याच्याखाली फक्त पाव वर्गाचे पगार असतात तो आकडा), ब्रोशरवरचा कमाल आकडा नव्हे. शिकत असताना हप्ता भरायचा नसला तरी बहुतेक कर्जांत व्याज चालू असते आणि शेवटी मुद्दलात मिळवले जाते, हे बँकेतून लेखी तक्त्यासह काढून घ्या.

इथपर्यंत येऊनही ‘हो’ असेच उत्तर असेल, तर वर्ग सुरू होण्याआधी १५ ते १८ महिने कामाला लागा. अमेरिकेतल्या शाळांचा अर्जांचा पहिला राउंड सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतो, दुसरा जानेवारीच्या सुरुवातीला, तिसरा मार्च-एप्रिलमध्ये. पहिल्या दोन राउंडमध्ये फार फरक नाही. अर्धवट तयारीने पहिल्यात घुसण्यापेक्षा नीट तयारीने दुसऱ्यात जा. तिसऱ्यात जागा आणि स्कॉलरशिपचे पैसे दोन्ही संपत आलेले असतात आणि परदेशी विद्यार्थ्याला व्हिसासाठी वेळ अपुरा पडतो.

प्रवेशासाठी द्यायची जीमॅट परीक्षा आता बदललेली आहे आणि जुनी पुस्तके, जुने आकडे अजून फिरत असतात, म्हणून सांगणे भाग आहे. फेब्रुवारी २०२४ पासून एकच आवृत्ती आहे: क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेखांचे विश्लेषण), प्रत्येकी ४५ मिनिटे, एकूण सव्वादोन तास. प्रश्न अनुक्रमे २१, २३ आणि २०. निबंध गेला, सेंटेन्स करेक्शन (वाक्यदुरुस्ती) गेले, भूमिती गेली. कॅल्क्युलेटर फक्त डेटा इनसाइट्समध्ये. गुण २०५ ते ८०५ आणि शेवटी नेहमी ५. नव्या आवृत्तीतले ६४५ हे जुन्या ७०० च्या आसपास बसतात, त्यामुळे ‘७०० पाहिजेतच’ हा जुना सल्ला ऐकून ६५५ वर रडू नका. इंजिनिअरांचे नेहमीचे दुखणे म्हणजे क्वांटला महिने घालवायचे आणि डेटा इनसाइट्स शेवटच्या पंधरवड्यावर ढकलायचे. तिन्ही भागांचे वजन सारखे आहे. नोकरी सांभाळून आठवड्याला १० ते १२ तास दिले तर तीन-चार महिने धरावेत. दोन प्रयत्नांत १६ दिवसांचे अंतर लागते, तेव्हा पहिला प्रयत्न अर्जाच्या तारखेआधी निदान दोन महिने ठेवा. जीमॅटऐवजी जीआरई ही दुसरी प्रवेशपरीक्षाही बहुतेक शाळा घेतात. इंग्रजी शब्दसंपदा चांगली असेल तर तीही देऊन पाहण्यासारखी आहे, २०२३ पासून ती दोन तासांच्या आत संपते. दोन्हींचे गुण ५ वर्षे चालतात.

निबंधात सगळ्यात जास्त अर्ज पडतात ते ध्येयाच्या परिच्छेदावर. ‘माझे नेतृत्वकौशल्य वाढवून जागतिक स्तरावरील कंपनीत व्यवस्थापनाची जबाबदारी घ्यायची आहे’ हे वाक्य वर्गातल्या कोणीही लिहिले असते, म्हणून ते कोणाचेच नाही. तेच असे लिहून पाहा: ‘गोदामांचे साठा-व्यवस्थापन करणारे सॉफ्टवेअर ८ वर्षे बनवले. ग्राहकांचे पैसे सॉफ्टवेअरमुळे कमी आणि खरेदीच्या चुकीच्या नियमांमुळे जास्त अडकतात हे दिसत गेले, पण ते नियम बदलण्याच्या चर्चेत आमची टीम कधी नसते. एमबीएनंतर ऑपरेशन्स कन्सल्टिंगमध्ये, पुढे वितरण कंपनीचा पुरवठा-विभाग सांभाळायचा आहे.’ आता वाचणाऱ्याला काय केले, काय दिसले, काय हवे आणि ते मिळेल का, हे चारही कळते. शाळेचा करिअर सल्लागार मनात एकच प्रश्न विचारत असतो: या माणसाला मी कुठे लावून देऊ शकेन? त्याला उत्तर आयते द्यावे.

शिफारसपत्र थेट वरिष्ठाकडून घ्या. कंपनीच्या प्रमुखाची ओळख काढून आणलेले चार ओळींचे पत्र नुकसान करते. अनेक शाळांच्या समान नमुन्यात मुख्य प्रश्न दोन असतात: तुमच्या जागी असलेल्या इतर चांगल्या लोकांशी तुलना, आणि तुम्हाला दिलेली सर्वांत महत्त्वाची सुधारणेची सूचना व तुमचा प्रतिसाद. तारखेआधी आठ आठवडे सांगा, दोन-तीन कामांची आठवण एका पानावर द्या आणि पत्र मात्र त्यांनाच लिहू द्या. ‘तूच लिही, मी सही करतो’ ही ऑफर नाकारणे अवघड जाते, पण सगळ्या पत्रांची शैली एकसारखी निघाली की वाचणाऱ्याला ते लगेच कळते. सध्याच्या साहेबांना सांगता येत नसेल तर आधीचे वरिष्ठ, दुसऱ्या विभागातले ज्येष्ठ सहकारी किंवा ग्राहक चालतात. कारण अर्जातल्या ऐच्छिक निबंधात दोन ओळींत लिहा.

‘आत गेल्यावर ठरवू’ हे सगळ्यात महाग पडणारे वाक्य आहे. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या दोन वर्षांच्या वर्गात पहिल्या दोन महिन्यांतच रेझ्युमे पक्का होतो, कंपन्यांची सादरीकरणे लागतात, शरद ऋतू संपता संपता इंटर्नशिपचे अर्ज जातात आणि जानेवारीत मुलाखती होतात. त्याच दिवसांत अकाउंटिंगची मिडटर्म असते. दोन-तीन क्षेत्रांत हात मारणाऱ्याची सगळीकडेच अर्धी तयारी होते. म्हणून वर्ग सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात प्राथमिक अकाउंटिंग, संख्याशास्त्र आणि एक्सेल उरकून टाका. कन्सल्टिंगला जायचे असेल तर केस मुलाखतींचा (एखाद्या कंपनीची अडचण समोर ठेवून ती कशी सोडवाल हे विचारणाऱ्या मुलाखतींचा) सराव सुरू करा. एकट्याने वाचून तो होत नाही. समोर माणूस बसवून, मोठ्याने बोलत, ३० ते ५० केसेस कराव्या लागतात, आणि इंजिनिअर तिथे अडतात ते गणितात नाही. ते अडतात उत्तर आधी सांगून कारण मागून देण्याच्या सवयीअभावी.

परदेशी शिकणार असाल तर व्हिसाचे गणित पदवीच्या गणिताइतकेच मोठे आहे. अमेरिकेत पदवीनंतर ओपीटी या विद्यार्थ्यांसाठीच्या काम-परवानगीखाली १२ महिने काम करता येते, आणि अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) वर्गात मोडत असेल तर आणखी २४ महिने. एकाच शाळेतला एक अभ्यासक्रम किंवा स्पेशलायझेशन स्टेममध्ये असते आणि दुसरे नसते, म्हणून शाळा व्हिसासाठी देते त्या आय-२० फॉर्मवर अभ्यासक्रमाचा कोणता कोड येणार हे आधी विचारा. त्यानंतरचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सोडतीवर आहे. काही कंपन्या व्हिसा देणारच नाही असे जाहिरातीतच सांगतात. शाळेच्या भरती-यादीतून त्या कंपन्या वगळा, मग यादी केवढी उरते ते पाहा. हे नियम सरकारे मध्येच बदलतात, त्यामुळे अर्जाच्या वेळी आणि अनामत भरण्याआधी असे दोनदा तपासा, अधिकृत सरकारी संकेतस्थळावरच.

प्रवेश मिळाल्यावर स्कॉलरशिपबद्दल एकदा विचारायला संकोच नको. दुसऱ्या तोडीच्या शाळेची लेखी ऑफर जोडून, ‘तुमच्याकडे यायची इच्छा आहे, एवढा फरक अडतो आहे’ असे सरळ लिहावे. फार तर नाही म्हणतील, प्रवेश काढून घेत नाहीत. राजीनामा मात्र अनामत भरली म्हणून लगेच टाकू नका. कर्जमंजुरीचे पत्र आणि व्हिसा हाती आल्यावर, नोटीस पीरियड मोजून द्या. काही शाळा रुजू होण्याआधी पार्श्वभूमी-पडताळणीसाठी तुमच्या कंपनीला फोन करतात. तो फोन तुमच्या राजीनाम्याआधी जाणार असेल तर साहेबांना ते तुमच्याच तोंडून आधी कळू द्या.